काँक्रीट तेच, बिऱ्हाडं नवी

पूर्व लंडनमध्ये ऑल सेंट्स स्टेशनात बिनड्रायव्हरच्या गाडीतून उतरलं की कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे समोर येतात. बँकांचे मनोरे. फलाटावर ज्याला त्याला फोटो काढायचा असतो तो त्यांचा. मला त्यांच्याकडे पाठ करून बाल्फ्रॉन टॉवरकडे जायचं होतं.

"ताई, लोक लंडनला येऊन राजवाडा बघतात," माझा मावसभाऊ आदल्या रात्री म्हणाला होता, "आणि तू पीडब्ल्यूडीची क्वार्टर्स बघायला आलीस." तो हॅरोला लाल विटांच्या, उतरत्या छपराच्या, पुढे-मागे बागेचा तुकडा असलेल्या घरात राहतो. त्याच्या लेखी इंग्लंड म्हणजे हे असं. उघडं काँक्रीट म्हणजे बिल्डरचे पैसे संपले आणि गिलावा राहून गेला. तो एकटाच असं मानतो असंही नाही. प्लास्टर होऊन रंगाचा हात फिरेपर्यंत आपणही घराला पूर्ण झालेलं कुठे म्हणतो?

वाटेत क्रिस्प स्ट्रीटचा बाजार लागतो. युद्धात बॉम्बनी उद्ध्वस्त झालेल्या पॉप्लरमध्ये नवी वस्ती कशी असावी याचा नमुना म्हणून १९५१च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या वेळी हा सगळा भाग उभा राहिला. आज तिथे कारली, दुधी, लाल माठाच्या जुड्या आणि सुक्या मासळीचा दरवळ. विक्रेते बरेचसे सिल्हेटकडचे. एका आजोबांनी मला "इंडिया?" विचारलं, मग "बॉम्बे?" आणि मी मान डोलावल्यावर पिशवीत एक लिंबू वरकड टाकलं. शेजारच्या गाड्यावरची गोरी बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला 'डार्लिंग' म्हणत होती. वस्तू मात्र ती फुकट देत नव्हती.

बाल्फ्रॉन दिसतो तो एकदम. ८४ मीटर उंचीची सरळसोट काँक्रीटची भिंत, आणि तिच्यापासून चार हात दूर लिफ्टचा वेगळा, सडपातळ मनोरा. दोघांना जोडणारे पूल दर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा खडखडाट घरात येऊ नये म्हणून ही योजना. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या अर्नो गोल्डफिंगर या वास्तुविशारदाचं हे काम १९६७ मध्ये पुरं झालं. इमारत वसली तेव्हा तो आणि त्याची बायको अर्सुला, हॅम्पस्टेडचं स्वतःचं घर सोडून, दोन महिने सर्वांत वरच्या मजल्यांपैकी एकावर भाड्यानं राहायला आले. भाडं आठवड्याला ११ पौंड १० शिलिंग. भाडेकरूंना तो शॅम्पेन प्यायला बोलवायचा आणि काय खुपतं, काय आवडतं ते विचारून घ्यायचा. स्वभावानं हा गृहस्थ तापट म्हणून प्रसिद्ध. जेम्स बाँडच्या खलनायकाला त्याचं आडनाव मिळालं, तेव्हा तो वकिलांकडे गेला होता. पण आपण बांधलेल्या सरकारी घरात स्वतः राहून बघणारे वास्तुविशारद मला आपल्याकडे फारसे आठवत नाहीत.

१९६८च्या मे महिन्यात पूर्व लंडनमध्येच रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला आणि चार माणसं गेली. ती इमारत तयार पॅनेलं एकमेकांवर रचून बांधलेली होती. बाल्फ्रॉनचं काँक्रीट जागेवर ओतलेलं, त्याचा त्या पद्धतीशी संबंध नाही. पण लोक एवढा फरक करत बसत नाहीत. उंच, करड्या, कौन्सिलच्या इमारतीचं नाव तेव्हापासून जे खराब झालं ते पुढची तीस वर्षं. दुरुस्तीला पैसे कमी, लिफ्ट बंद, जिन्यांत लघवीचा वास, आणि घर मिळायच्या यादीत ज्यांना दुसरं काहीच मिळत नाही त्यांची तिथे रवानगी.

मग वारा फिरला. १९९६ मध्ये बाल्फ्रॉनची नोंद संरक्षित वास्तूंच्या यादीत झाली, २०१५ मध्ये त्या यादीतला तिचा दर्जा वाढवण्यात आला. दरम्यान २००७ मध्ये मालकी कौन्सिलकडून एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली. नूतनीकरणासाठी भाडेकरूंना हलवलं. मधल्या काळात रिकाम्या घरांत कलाकार येऊन राहिले, प्रदर्शनं भरली. खिडक्या बदलल्या, आतली रचना बदलली. काम संपलं तेव्हा सगळी घरं खुल्या बाजारात आली. पूर्वीच्या भाडेकरूंसाठी त्यात जागा नव्हती.

आता दारात काच आहे, काचेमागे मंद दिवा आणि नीटनेटका तरुण. मी काचेला नाक लावण्याइतकी जवळ गेले तेव्हा तो अदबीनं हसला आणि हसूनच थांबवलं. बाहेर बाकावर शेजारच्या इमारतीतल्या एक बाई सिगारेट ओढत होत्या. इथे अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं तर हवेपासून करावं लागतं, म्हणून मी ढगांबद्दल काहीतरी म्हटलं. त्यांनी ढगांकडे पाहिलं, मग टॉवरकडे. "आता छान झालाय," त्या म्हणाल्या. "आम्ही राहत होतो तेव्हा तो भयंकर होता म्हणे."

तिथे उभी असताना मला वरळी आठवली. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या, त्याही सिमेंट काँक्रीटच्याच. तळमजला अधिक तीन, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. सुरुवातीला कामगार यायला तयार नव्हते, खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारनं काही चाळींचा तुरुंग केला. पुढे त्याच चाळींत गिरणगाव वसला आणि चार-चार पिढ्या नांदल्या. आता त्या पाडून भाडेकरूंना तिथेच ५०० चौरस फुटांची घरं देण्याचं काम चालू आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. पॉप्लरमध्ये इमारत राहिली आणि माणसं गेली. वरळीत माणसं राहताहेत आणि इमारत जातेय. दोन्ही राहील असा मार्ग ना त्या शहराला सुचला ना या.

बाल्फ्रॉनपासून दक्षिणेला, बोगद्याकडे जाणाऱ्या सहापदरी रस्त्याच्या कडेनं चालत गेलं की रॉबिन हूड गार्डन्सची जागा येते. ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या जोडप्यानं बांधलेली ही वसाहत १९७२ मध्ये पुरी झाली होती. दोन लांबलचक इमारती, एक दहा मजली, एक सात मजली, २१३ घरं, आणि मध्ये बांधकामाचाच राडारोडा रचून केलेली हिरवी टेकडी. घरांसमोरून जाणाऱ्या रुंद मार्गिकांना ते 'आकाशातले रस्ते' म्हणत. मुलं तिथे खेळतील, बाया बोलत उभ्या राहतील, सायकली टेकवल्या जातील, अशी त्यांची कल्पना होती. गिरगावातल्या कुठल्याही चाळीच्या गॅलरीत हे कोणी कल्पना न करताच शंभर वर्षं चाललंय. मात्र आपली गॅलरी जेमतेम हातभर रुंद असते, बाहेरच्या माणसाला आतल्याचा ताट-वाटीपर्यंतचा संसार दिसतो, आणि दार दिवसभर उघडं असतं. लंडनच्या थंडीत दार बंद. बंद दारांपुढे मार्गिका कितीही रुंद केली तरी तिला गॅलरीपण येत नाही. शिवाय स्मिथसननी ती मार्गिका बाहेरच्या, रहदारीच्या बाजूला ठेवली होती आणि निजायच्या खोल्या टेकडीकडे. झोपेसाठी उत्तम. गप्पांसाठी वाईट.

वाचवायचा प्रयत्न झाला. झाहा हदीद आणि रिचर्ड रॉजर्स यांच्यासारख्या बड्या वास्तुविशारदांनी आवाज उठवला, सरकारनं संरक्षण नाकारलं, आणि २०१७ पासून पाडकाम सुरू झालं. आता त्या जागी दीड हजारांहून जास्त घरांची नवी वसाहत येतेय, फिकट विटांची, बेताची. तिच्याविषयी लिहिण्याजोगं मला काही सापडलं नाही.

गंमत पुढे आहे. पाडता पाडता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं या इमारतीचा तीन मजली तुकडा उचलून ठेवला. २०१८ मध्ये त्यातला काही भाग व्हेनिसला प्रदर्शनात गेला. २०२५ च्या मे अखेरीस ऑलिम्पिक पार्कमध्ये या संग्रहालयाचं कोठार लोकांना खुलं झालं, तिथे आता त्याचा दर्शनी भाग उभा आहे. मी गेले त्या दिवशी शाळेची एक सहल आली होती. पिवळी जाकिटं घातलेली मुलं रांगेत, बोटं ओठांवर. स्पेनमधल्या राजवाड्याचं पंधराव्या शतकातलं लाकडी छत आणि पॉप्लरमधलं कौन्सिलचं काँक्रीट एकाच छपराखाली. एका मुलानं शिक्षिकेला विचारलं, "यात लोक राहायचे का?" ती हो म्हणाली. मग ते कुठे गेले हा पुढचा प्रश्न त्यानं विचारला नाही, मला विचारावासा वाटला होता.

दुपारी बार्बिकन. इथे आधी ऐकू येतं ते पाणी. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बनी हा भाग जाळून टाकला. १९५१ मध्ये या क्रिपलगेट वॉर्डात मोजून ४८ माणसं राहत होती. सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशननं तिथे दोनेक हजार घरं, शाळा, तळं, ग्रंथालय, नाट्यगृह असं अख्खं गाव बांधायचं ठरवलं. चेंबरलिन, पॉवेल आणि बॉन या तिघांनी ते १९६५ ते १९७६ च्या दरम्यान उभं केलं, कलाकेंद्राचं उद्घाटन राणीनं १९८२ मध्ये केलं. माणसांच्या वाटा रस्त्यांच्या वर, मोटारी खाली. या वरच्या वाटांवर इतके लोक चुकायचे की जमिनीवर पिवळी रेघ ओढावी लागली. रेघ धरून चाललं की नाट्यगृह येतं म्हणे. मी रेघ सोडून चालले. मिल्टनला जिथे पुरलंय त्या सेंट जाइल्स चर्चपाशी, मग रोमन भिंतीच्या अवशेषांपाशी, मग कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पोचले. खिडकीत जिरेनियमची कुंडी होती. सज्ज्यांच्या रांगाच्या रांगा, आणि प्रत्येकीतून लाल-गुलाबी फुलं खाली ओघळलेली.

इथलं काँक्रीट हात लावून बघण्यासारखं आहे. साच्यातून काढून वाळू दिलं, मग कामगारांनी हातातल्या यंत्रांनी त्याचा वरचा थर टाचून काढला, आतली ग्रॅनाइटची खडी उघडी पडेपर्यंत. मैलोगणती भिंती. हे काम आपल्याकडे पाथरवट करतो, दगडावर. म्हणजे ज्याला 'गिलावा राहून गेला' म्हणतात त्यावर गिलाव्याच्या दहापट मजुरी गेलीय. मावसभावाला मी हे संध्याकाळी सांगितलं. तो हिशेबनीस. तो म्हणाला, "मग तर आणखीच मूर्खपणा."

२००३ मध्ये लंडनची सर्वांत कुरूप इमारत कोणती यावर लोकांची मतं घेतली, तेव्हा बार्बिकन पहिलं आलं. त्याच्या दोनच वर्षं आधी सरकारनं ते संरक्षित यादीत घातलं होतं. आणि आज? तळ्याकाठी एक मुलगी लांब काळा कोट घालून भिंतीला टेकली होती, तिचा फोटोग्राफर पोटावर झोपून फोटो काढत होता, मागे दुसरी जोडी त्याच भिंतीसाठी थांबली होती. दुकानात बार्बिकनच्या मनोऱ्यांचं चित्र छापलेले कप आणि पिशव्या. इथल्या दोन खोल्यांच्या घराची किंमत दहा लाख पौंडांच्या घरात सहज जाते.

बाल्फ्रॉन, रॉबिन हूड आणि बार्बिकन ही एकाच पिढीची, एकाच सामानाची भावंडं. मग एकाच्या नशिबी लाल फुलं कशी? मला वाटतं उत्तर पोर्टर, माळी आणि गाडीतळावरचा पहारेकरी या तिघांत आहे. बार्बिकन गरिबांसाठी बांधलेलं नव्हतंच. सिटीत काम करणाऱ्या बऱ्या पगाराच्या लोकांना बाजारभावानं भाड्यानं द्यायचं, हा पहिल्यापासूनचा बेत होता. लिफ्ट बिघडली तर ती त्याच दिवशी दुरुस्त करायला पैसा होता. आपल्याकडच्या कोणत्याही सोसायटीचा सेक्रेटरी हे सांगेल. मेंटेनन्स वेळेवर आला तर बिल्डिंग देखणी. इंग्लंडचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, झिमझिमत राहतो, पण काँक्रीटवर काळे ओघळ आणायला तोही पुरतो. ओघळ पुसणारा कोणी आहे की नाही, एवढाच प्रश्न. सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत हे प्रकरण नसतं.

कॉफी घेतली ती मात्र भिकार निघाली. सोबतचा गाजराचा केक बरा होता.

पुढचा मुक्काम वायव्येला, साउथ हॅम्पस्टेडला. अलेक्झांड्रा रोडची वसाहत कॅम्डन कौन्सिलसाठी नीव्ह ब्राउननं बांधली, १९७८ मध्ये पुरी झाली. ५२० घरं. मला वाटलं होतं आणखी एक मनोरा असेल. इथे मनोरा नाहीच. यूस्टनकडे जाणाऱ्या लोहमार्गाला समांतर एक लांब, किंचित वळलेला रस्ता, नाव रोली वे, आणि दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारी घरं, नाशिकच्या घाटावर उलट्या बाजूनं पाहावं तशी. रुळांकडची इमारत आठ मजली. गाड्यांचा आवाज ती आपल्या पाठीवर झेलते, आणि तिच्या खाली हादरे शोषायला रबराचे थर घातलेत. प्रत्येक घराला आकाश दिसणारा सज्जा, प्रत्येक सज्ज्यात हिरवळ. काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे जसेच्या तसे, लाकडाच्या रेषा मोजता येतील इतके स्पष्ट. खर्च ठरलेल्यापेक्षा इतका वाढला की चौकशी बसली, आणि ब्राउनला त्यानंतर ब्रिटनमध्ये घरं बांधायचं काम मिळालं नाही. १९९३ मध्ये ही वसाहत संरक्षित झाली. युद्धोत्तर काळातल्या कौन्सिलच्या वसाहतींत पहिली. वास्तुविशारदांचं सुवर्णपदक त्याला मिळालं तेव्हा तो ८८ वर्षांचा होता, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, २०१८ च्या जानेवारीत, गेला. शेवटची वर्षं तो स्वतःच बांधलेल्या दुसऱ्या एका कौन्सिल वसाहतीत राहत होता.

रोली वेवर मी खूप वेळ रेंगाळले. दोन मुलगे सायकलची चाकं उचलत होते. एक बाई गॅलरीतून खालच्या बाईला काहीतरी ओरडून सांगत होती, कुठल्या भाषेत ते कळलं नाही, सूर मात्र पक्का ओळखीचा, 'दूध उतू गेलं' किंवा 'पोरगं कुठंय' असा. मी एवढा वेळ उभी, कॅमेरा हातात, तरी कुणी हटकलं नाही. परळच्या चाळीत पाच मिनिटं उभं राहा, तीन जण विचारतील, "कोन पायजे?" त्यात संशय असतो आणि काळजीही. इंग्रजांना अनोळखी माणसाला त्याच्यापाशी राहू देणं हाच शिष्टाचार वाटतो. आपल्याला हटकणं. दोन्हींत मला आपलंच पटतं, पण त्या दुपारी त्यांचं सोयीचं होतं.

शेवटी कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एका आजींनी विचारलंच, विद्यार्थिनी आहे का म्हणून. माझ्या केसांकडे बघून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या सुरुवातीपासून इथे आहेत. गरम पाण्याच्या नळ्या भिंतींच्या आत आहेत, हिवाळ्यात भिंतीला पाठ टेकून बसलं की बरं वाटतं, बिघडलं की मात्र पंचाईत, असं सांगितलं. शूटिंगवाले फार येतात. "आधी ते इथे गुन्हेगारांच्या गोष्टी काढायला यायचे, आता कपड्यांच्या जाहिराती काढायला येतात," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा झारा भरायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, गोलबोर्न रोड. इथे खाण्यापासूनच सुरुवात करावी. पोर्तुगीज बेकरीत अंड्याच्या पिवळ्या बलकाची छोटी, वरून जळकी डाग पडलेली पेस्ट्री मिळते. गोव्याला जाणाऱ्यांना पोर्तुगीजांनी बलकाचं काय काय केलं ते ठाऊक असेल. समोर मोरोक्कन माणसाच्या गाडीवर मासळी तळत असते आणि पुदिन्याचा चहा. फुटपाथवर जुन्या खुर्च्या, पितळी नळ, कुणाच्या तरी आजोबांच्या फ्रेमा. आणि रस्त्याच्या टोकाला, या सगळ्यावरून मान काढून, ट्रेलिक टॉवर.

हाही गोल्डफिंगरचा. १९७२, ३१ मजले, २१७ घरं, तोच सुटा लिफ्टचा मनोरा, वर पुढे झुकलेली बॉयलरची खोली. बॉयलर तेलावरचे होते. वर्षभरात तेलाचे भाव भडकले आणि ती खोली लवकरच निरुपयोगी झाली. आत मात्र बारकावे आहेत. जागा वाचवायला सरकती दारं, बाहेरून पुसायला वळवता येणाऱ्या खिडक्या, दोन्ही दिशांनी उजेड. गोल्डफिंगरनं दारावर माणूस ठेवा असं बजावलं होतं, ते खर्चिक म्हणून टाळलं गेलं. उद्घाटनाच्या वर्षातच नाताळाच्या तोंडावर कुणीतरी बाराव्या मजल्यावरचा आगीचा नळ उघडला, पाणी लिफ्टच्या पोकळीत गेलं आणि इमारत अंधारात बसली. वर्तमानपत्रांनी तिला भयाचा मनोरा म्हटलं. १९८४ मध्ये रहिवाशांनीच संघटना केली, भांडून भांडून दारावर माणूस आणला, इंटरकॉम आणला, लिफ्ट नीट करून घेतल्या. काँक्रीटला कोणी हात लावला नाही. १९९८ मध्ये संरक्षण मिळालं, गोल्डफिंगर त्याआधी ११ वर्षं वारला होता.

याच बरोमध्ये, नैऋत्येला चालत जाण्याच्या अंतरावर, ग्रेनफेल टॉवर. १९७४ ची, २४ मजली, काँक्रीटची इमारत. २०१६ मध्ये तिला बाहेरून नवं आवरण चढवलं, थंडीपासून बचाव व्हावा आणि आसपासच्या वस्तीतून दिसायला बरी दिसावी म्हणून. १४ जून २०१७ च्या रात्री आग त्या आवरणावरून चढत गेली आणि ७२ माणसं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्रेलिकमध्येही आग लागली होती, ती आटोक्यात आली. दोन आगींची तुलना मी करू नये, तेवढं ज्ञान मला नाही. पण उघडं काँक्रीट झाकलं की बरं दिसतं, हे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर बोललं तर मी गप्प बसणार नाही.

ट्रेलिकच्या दाराशी तासभर बसले. आत-बाहेर करणारी माणसं बघितली. हिजाबातल्या आया, चाकांची पिशवी ओढणारे आजोबा, सायकल खांद्यावर घेतलेला दाढीवाला तरुण, ज्याच्या बुटांची किंमत त्या आजोबांच्या महिन्याच्या भाड्याएवढी असावी. इथली काही घरं मालकीची झाली आणि भरमसाट किमतीला विकली गेली, बहुतेक मात्र अजून कौन्सिलच्याच भाडेकरूंकडे आहेत. पाहिलेल्या सगळ्यांत हाच मला सर्वांत चांगला निकाल वाटतो. देखणेपणात रोली वे पुढे, बांधकामात बार्बिकन. पण कौतुक सुरू झाल्यावरही जुनी बिऱ्हाडं टिकली ती रोली वे आणि ट्रेलिक इथे.

लंडनला सप्टेंबरात जाणार असाल तर ओपन हाउसचा महोत्सव गाठा, एरवी बंद असलेली अशी कितीतरी दारं तेव्हा उघडतात. आणि वरळी-नायगावच्या चाळी आतून पाहिल्या नसतील तर त्या लंडनच्या आधी पाहा. तिथलं पाडकाम सुरू आहे.